गायरानावरचं घर आणि मंत्र्याचे फ्लॅट

डिसेंबर २०२५ चा तिसरा आठवडा. दत्तजयंतीची गर्दी गड उतरून गेली होती, शिवारात कापसाची वेचणी चालू होती. विहाराच्या मागच्या खोलीत, जिला आम्ही अभ्यासिका म्हणतो, सात-आठ पोरं पोलीस भरतीच्या लेखीची तयारी करत बसली होती. करत होती म्हणजे मोबाईल बघत होती. बातमी माणिकराव कोकाटेंची. १६ डिसेंबरला नाशिकच्या सत्र न्यायालयाने त्यांची दोन वर्षांची शिक्षा कायम केली, खातं गेलं, राजीनामा झाला.

एका पोराने विचारलं, "दादा, गुन्हा कवाचा हाय?"

"१९९५ चा."

"म्हणजे आपल्यापेक्षा मोठा हाय," दुसरा म्हणाला, आणि सगळे हसले. खरंच होतं. त्या खोलीतल्या एकाचाही जन्म तेव्हा झालेला नव्हता.

प्रकरण थोडक्यात असं. मुख्यमंत्र्यांच्या स्वेच्छाधिकारातल्या दहा टक्के कोट्यातून कमी उत्पन्नाच्या, स्वतःचं घर नसलेल्या लोकांना स्वस्तात घरं मिळायची. त्या कोट्यातले नाशिकचे फ्लॅट कोकाटे बंधूंनी उत्पन्न कमी दाखवून, खोटी कागदपत्रं देऊन घेतले, अशी तक्रार माजी मंत्री तुकाराम दिघोळे यांनी केली. तेव्हा कोकाटे आमदारही नव्हते. ते आमदार झाले १९९९ ला. खटला चालत राहिला, ते निवडून येत राहिले, पडत राहिले, पुन्हा निवडून येत राहिले, शेवटी डिसेंबर २०२४ मध्ये राज्याचे कृषिमंत्री झाले. २० फेब्रुवारी २०२५ ला नाशिकच्या कोर्टाने दोन वर्षांची शिक्षा आणि पन्नास हजारांचा दंड ठोठावला. तरी मंत्रिपद राहिलं. सभागृहात मोबाईलवर रमी खेळतानाचा व्हिडिओ फिरला तेव्हा कृषी काढून क्रीडा दिलं. (रमीवाल्या मंत्र्याला क्रीडा खातं, यावर आमच्या पोरांनी जे विनोद केले ते इथे लिहिता येणार नाहीत.)

मी पोरांना समजावत होतो की बघा, कायदा कसा उशिरा का होईना पोहोचतो. तेवढ्यात कोपऱ्यातला, एरवी गप्प बसणारा एक जण म्हणाला, "दादा, तुमच्यावर बी केस हाय. तुम्ही उद्या सरपंचकीला उभं राहिलात तर लोक तुम्हाला बी असंच म्हणतील ना? की आधी केस निपटवा, मग खुर्चीवर बसा?"

मी काहीतरी बोलून वेळ मारून नेली. पण त्याचा प्रश्न चुकीचा नव्हता, आणि माझं उत्तर खोटं होतं. नीट उत्तर द्यायला मला इतके दिवस लागले.

आधी कायदा काय म्हणतो ते बघू, कारण आपली बरीच मंडळी इथेच फसतात. गावात सर्रास ऐकू येतं, "एकदा मंत्री झाला की मागच्या केसी बंद." हे साफ चूक आहे. भारताच्या संविधानात पदाच्या जोरावर फौजदारी खटल्यापासून संरक्षण फक्त दोन खुर्च्यांना आहे, राष्ट्रपती आणि राज्यपाल. कलम ३६१. तेही कायमचं नाही, पदावर असेपर्यंतच. तेवढ्या काळात त्यांच्यावर खटला सुरू करता येत नाही, चालू असेल तर पुढे नेता येत नाही, अटक करता येत नाही. मुदत संपली की कोर्टाचा दरवाजा पुन्हा उघडतो. बाकी पंतप्रधान, मुख्यमंत्री, मंत्री, आमदार, जिल्हा परिषद अध्यक्ष यांच्यातल्या कोणालाही खुर्चीआधीच्या गुन्ह्याबद्दल एक दिवसाचीही माफी नाही. बाबासाहेबांच्या मसुदा समितीने हे संरक्षण किती अरुंद ठेवलं ते लक्षात घ्या. त्याच कलमात दिवाणी दाव्यांबद्दल तर स्पष्टच लिहिलंय की राष्ट्रपती-राज्यपालांनी पद घेण्याआधी किंवा नंतर व्यक्ती म्हणून जे केलं असेल त्याबद्दल दोन महिन्यांची नोटीस देऊन दावा लावता येतो. म्हणजे "खुर्चीच्या आधीचं" आणि "खुर्चीवरचं" हा फरक घटनाकारांना चांगलाच ठाऊक होता, आणि तरी त्यांनी मंत्र्यांना सूट दिली नाही.

हे संरक्षण प्रत्यक्षात कसं चालतं त्याचं उदाहरण कल्याणसिंह. बाबरी मशीद पाडली गेली तेव्हा ते उत्तर प्रदेशचे मुख्यमंत्री होते. ६ डिसेंबर ही तारीख आपल्याला वेगळ्या कारणाने आठवते, ती त्यांनी कशासाठी वापरली हा वेगळा विषय. एप्रिल २०१७ मध्ये सुप्रीम कोर्टाने अडवाणी वगैरेंवरचा कटाचा आरोप पुन्हा जिवंत केला, पण कल्याणसिंह त्या वेळी राजस्थानचे राज्यपाल होते. कोर्टाने म्हटलं, ते राज्यपाल आहेत तोवर थांबा, पद सुटताच आरोप ठेवा. सप्टेंबर २०१९ मध्ये पद सुटलं आणि त्याच महिन्यात त्यांच्यावर आरोप निश्चित झाले. (पुढच्या वर्षी सगळेच आरोपी सुटले, तेही खरं.) फ्रान्समध्ये जाक शिराक यांचं असंच झालं. पॅरिसचे महापौर असताना महापालिकेच्या पैशातून बनावट नोकऱ्या दिल्याचं प्रकरण, मग १९९५ ते २००७ राष्ट्राध्यक्षपद, तोवर खटला थांबलेला. पद गेल्यावर खटला उभा राहिला आणि डिसेंबर २०११ मध्ये दोन वर्षांची स्थगित शिक्षा झाली. खुर्ची घड्याळ थांबवते, मोडत नाही.

ते घड्याळच मोडून टाकायचा प्रयत्न आपल्याकडेही झाला होता, आणि हे आपल्या पोरांना माहीतच नसतं. आणीबाणीत, ऑगस्ट १९७५ मध्ये, एक्केचाळिसाव्या घटनादुरुस्तीचं विधेयक राज्यसभेत आलं. त्यात काय होतं? राष्ट्रपती, पंतप्रधान किंवा राज्यपाल असलेल्या किंवा पूर्वी असलेल्या माणसावर, त्याने पदावर येण्याआधी केलेलं असो वा पदावर असताना केलेलं, कोणत्याही कृत्याबद्दल फौजदारी कारवाई करता येणार नाही. कधीच नाही. म्हणजे एक दिवस पंतप्रधान व्हा आणि जन्मभराचे गुन्हे धुऊन घ्या. कायदामंत्री तेव्हा ह. रा. गोखले होते, मुंबई हायकोर्टाचे माजी न्यायमूर्ती. राज्यसभेने ते मंजूरही केलं. लोकसभेत मात्र ते कधी आलंच नाही, तिथेच मेलं. पण कागदावर आलं होतं. संविधान बदलणार नाही म्हणून आपल्याला कोणी गाफील ठेवायला आलं, तर त्याला हे विधेयक दाखवा.

आता दुसरी ढाल, परवानगीची. लोकसेवकावर खटला चालवायला सरकारची मंजुरी लागते. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम १९७, आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं २१८, आणि भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्याचं १९. या मंजुरीची गोम आपल्या महाराष्ट्रातच सुटली. मुख्यमंत्री बॅ. अंतुले यांच्यावर सिमेंटच्या कोट्याच्या बदल्यात ट्रस्टना देणग्या घेतल्याचा आरोप झाला, जानेवारी १९८२ मध्ये त्यांना पद सोडावं लागलं. भाजपचे रामदास नायक कोर्टात गेले. विशेष न्यायाधीशांनी म्हटलं, अंतुले अजून आमदार आहेत, त्यामुळे आमदार म्हणूनही मंजुरी हवी. सुप्रीम कोर्टाच्या पाच न्यायाधीशांनी १६ फेब्रुवारी १९८४ ला हे खोडून काढलं. ज्या खुर्चीचा गैरवापर झाला त्या खुर्चीचा प्रश्न. ती सुटली असेल तर आज दुसऱ्या कुठल्या खुर्चीवर बसलात म्हणून ती ढाल होत नाही. तो खटला पुढे वेगळ्याच वळणाने भरकटला, पण तत्त्व राहिलं, आणि पुढे प्रकाशसिंग बादल यांच्या प्रकरणात पुन्हा पक्कं झालं. मग २०१८ मध्ये संसदेने भ्रष्टाचार प्रतिबंधक कायदा बदलून पद सोडलेल्यांनाही मंजुरीचं छत्र दिलं. गाजावाजा न करता, भ्रष्टाचारविरोधी सुधारणा म्हणून.

पण नीट बघा, ही मंजुरी खुर्चीवरून केलेल्या कामाला लागते. खुर्चीआधीच्या कृत्याला ती लागतच नाही. खासगी माणूस असताना कोणी खोटा उत्पन्नाचा दाखला दिला, तर नंतर तो मंत्री झाला म्हणून कोणाच्या परवानगीची गरज नाही. या बाबतीत जुना गुन्हा उलट जास्त उघडा असतो.

मंजुरीचं राजकारण कसं फिरतं हे नांदेडकरांना सांगायला नको. आदर्श प्रकरणात अशोक चव्हाणांवर खटला चालवायला राज्यपालांनी २०१३ मध्ये नकार दिला. सरकार बदललं, राज्यपाल बदलले, २०१६ मध्ये मंजुरी मिळाली. डिसेंबर २०१७ मध्ये हायकोर्टाने ती रद्द केली, कारण नवा पुरावा काही समोर आणलेला नव्हता. प्रकरण तेच, माणूस तोच, राजभवनातलं उत्तर मात्र दोनदा वेगळं. कोण दोषी, कोण निर्दोष हे मी सांगत नाही. उत्तर कायद्याने ठरतं की मुंबई-दिल्लीत कोण बसलंय त्याने, एवढंच विचारतो.

तर कागदावर कायदा सरळ आहे. खुर्चीआधीचा गुन्हा माफ होत नाही. मग कोकाटेंच्या बातमीने पोटात का ढवळतं?

पुढचे दिवस बघा. १६ डिसेंबरला सत्र न्यायालयाचा निकाल. १९ ला हायकोर्टाने शिक्षेला स्थगिती दिली, दोषी ठरवण्याला मात्र नाही. २२ ला सुप्रीम कोर्टाने दोषी ठरवण्यालाही स्थगिती दिली, एवढ्यापुरती की आमदारकी जाऊ नये. लाभाचं पद मात्र घेता येणार नाही. आता हा फरक समजून घ्या, कारण सगळा खेळ त्यात आहे. शिक्षेला स्थगिती म्हणजे तुरुंगात जावं लागत नाही. दोषसिद्धीला स्थगिती म्हणजे तुम्ही दोषी आहात हेच तात्पुरतं बाजूला ठेवलं जातं. २०१३ च्या लिली थॉमस निकालानंतर दोन वर्षांची शिक्षा झाली की आमदारकी-खासदारकी त्याच क्षणी जाते, म्हणून सगळी धडपड या दुसऱ्या स्थगितीसाठी असते.

पहिल्या कोर्टाचा निकाल यायला तीस वर्षं. सत्र न्यायालयाकडून दिल्लीपर्यंत जाऊन आमदारकी वाचवायला सहा दिवस.

कोर्टाला स्थगितीचा अधिकार आहे, तो असायलाही हवा. उद्या आपल्यातल्या एखाद्या आमदाराला खोट्या केसमध्ये शिक्षा झाली तर तो आपल्यालाही लागेल. आणि ही स्थगिती प्रत्येकाला मिळते असंही नाही. सुनील केदारांचं बघा. नागपूर जिल्हा बँकेचे अध्यक्ष असतानाचं २००१-०२ चं रोखे खरेदीचं प्रकरण, मधल्या काळात ते मंत्रीही होऊन गेले, आणि २२ डिसेंबर २०२३ ला पाच वर्षांची शिक्षा झाली. लगेच आमदारकी गेली, स्थगिती मिळाली नाही. पक्ष वेगळा, शिक्षा जास्त, आरोपाचं स्वरूप वेगळं, कारणं काहीही असोत. पण दोन्हीकडे एक गोष्ट सारखी, पहिल्या निकालाला दोन-तीन दशकं. त्या दशकांत माणूस आमदार होतो, मंत्री होतो, कायदे करतो, ज्या खात्याचे पोलीस त्याच्याविरुद्ध साक्षीदार आणणार त्या सरकारात बसतो. साक्षीदार म्हातारे होतात, तक्रारदार थकतो. खुर्चीला कायद्याने संरक्षण दिलं नाही, पण वेळ दिला. आणि एवढा वेळ हातात असला की संरक्षणाची गरज कोणाला?

आता माझ्या घरी या. माहूर तालुक्यातलं गाव आहे, नाव लिहीत नाही, कारण वहिनीला ते आवडणार नाही.

आमच्या आजोबांनी १९७२ च्या दुष्काळानंतर गावाबाहेर गायरानावर घर बांधलं. घर म्हणजे कुडाच्या भिंती आणि पळसाच्या पानांचं छप्पर, नंतर टिनाचं. वस्तीत जागाच उरली नव्हती, तीन भावांची कुटुंबं एका खोलीत. दादासाहेब गायकवाडांच्या १९६४-६५ च्या सत्याग्रहात आमच्या घरातलं कोणी तुरुंगात गेलं नव्हतं, पण गायरान आपलं आहे ही गोष्ट त्या सत्याग्रहातूनच इथवर आली होती. शेतीसाठी काढलेल्या तुकड्याचं प्रकरण १४ एप्रिल १९९० पर्यंतची अतिक्रमणं कायम करणाऱ्या १९९१ च्या जीआरमध्ये बसवून आजोबांनी अर्ज केला, पावती अजून पत्र्याच्या पेटीत आहे. सातबारा झाला नाही. पुढे २०११ मध्ये सुप्रीम कोर्टाचा जगपालसिंग निकाल आला आणि गायरानाच्या सगळ्या फायलींवर धूळ बसली.

जानेवारी २०२१ च्या ग्रामपंचायत निवडणुकीत वहिनी सदस्य झाली, सरपंचपद अनुसूचित जातीच्या महिलेला सुटलं, ती सरपंच झाली. दहावी नापास, पण हिशेबाला पक्की. वस्तीत पहिल्यांदा नाली झाली ती तिच्या काळात. वर्षभरात पराभूत गटाच्या एकाने अर्ज टाकला: सरपंच सरकारी जागेवरच्या अतिक्रमणात राहते. महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियमाचं कलम १४ मधलं ज-३. सरकारी किंवा सार्वजनिक जागेवर अतिक्रमण करणारा सदस्य राहू शकत नाही.

वहिनीने अतिक्रमण कधी केलं? ती लग्न होऊन त्या घरात आली तेव्हा घराला पंचवीस वर्षं झाली होती. आम्हाला वाटलं, हे टिकणार नाही. २०१७ मध्ये सुप्रीम कोर्टाच्या एका पीठाने म्हटलंच होतं की ज्याने मूळ अतिक्रमण केलं तोच अपात्र. पण पुढच्याच वर्षी जनाबाई निकालात मोठ्या पीठाने ते फिरवलं. कुटुंबातल्या माणसाने केलेलं अतिक्रमण तुम्ही वापरत असाल, तिथे राहत असाल, तर तुम्हीही अपात्र. वकिलाने हे वाचून दाखवलं तेव्हा वहिनीने एकच विचारलं, "मग मी राहू कुठं?"

ती अपात्र ठरली. निकाल देणाऱ्या अधिकाऱ्याला मी दोष देत नाही, त्याच्यासमोर कायदा तसाच होता. अपील केलं, तारखा पडत राहिल्या. स्थगिती मिळाली नाही. गेल्या वेळी वकील म्हणाला, आता पंचायतीची मुदतच संपतेय, अपील निरर्थक ठरेल.

हा फौजदारी गुन्हा नाही, अपात्रता आहे, हे मला कळतं. दोन्हींची तुलना काटेकोर नाही, असं कोणी वकील मित्र लिहील, त्याचं बरोबर आहे. तरीही मी करणार. एकीकडे एक माणूस, ज्याच्याबद्दल दोन कोर्टांनी म्हटलं की त्याने गरिबांच्या कोट्यातलं घर गरीब नसताना खोट्या कागदावर घेतलं. त्याची अंतिम सुनावणी अजून व्हायची आहे, तोवर त्याची आमदारकी जपली गेली. दुसरीकडे एक बाई, जिच्या सासऱ्याच्या बापाने गरीब होता म्हणून सरकारी जागेवर झोपडी बांधली. तिने स्वतः काही केलं नाही, तरी तिची सरपंचकी जपण्यासारखी कोणाला वाटली नाही. दोन्ही गोष्टी खुर्चीच्या आधीच्या. दोन्ही गोष्टी घराच्याच. कोणाचा भूतकाळ लगेच मोजायचा आणि कोणाचा सावकाश, हे कुठल्या कलमात लिहिलंय?

आता माझी केस, जिच्याबद्दल त्या पोराने विचारलं. १ जानेवारी २०१८ ला भीमा कोरेगावला हल्ला झाला, ३ तारखेला महाराष्ट्र बंद. आम्ही रस्त्यावर बसलो. दगड मारला नाही, काच फोडली नाही, घोषणा मात्र घसा बसेपर्यंत दिल्या. एका पोलीस ठाण्यात चाळीसएक जणांवर गुन्हा दाखल झाला, बेकायदेशीर जमाव, रस्ता अडवणे, जमावबंदीचा भंग. माझं नाव त्यात सातवं. पुढच्या वर्षी मी एका सरकारी पदाच्या यादीत आलो. साक्षांकन नमुन्यात रकाना असतो: आपल्यावर कधी गुन्हा दाखल झाला आहे काय? मी होय लिहिलं, कलमं लिहिली, गुन्हा क्रमांक लिहिला. नेमणूक अडकली ती अडकलीच. ज्यांनी 'नाही' लिहिलं त्यातला एक आज नोकरीत आहे, एकाला चार वर्षांनी काढलं. २०१६ च्या अवतारसिंग निकालात सुप्रीम कोर्टाने तरुण वयात घोषणा देण्यासारख्या किरकोळ गोष्टीकडे मालक दुर्लक्ष करू शकतो असं म्हटलंय. करू शकतो. करायलाच हवं असं नाही. २०२० मध्ये सरकारने त्या बंदचे शेकडो गुन्हे मागे घेत असल्याचं सांगितलं. आमचा त्यात होता की नाही हे विचारायला मी तीनदा गेलो, तीन वेगवेगळी उत्तरं घेऊन आलो.

म्हणजे शिपाई व्हायचं तर नेमणुकीआधी भूतकाळ तपासतात, आणि नुसता दाखल गुन्हा आडवा येतो. गृहमंत्री व्हायचं, ज्याच्या हाताखाली सगळे शिपाई, तर शपथपत्रात केसेसची यादी लिहिली की झालं. लोक ठरवतील. लोकांनी ठरवावं हे मलाही मान्य आहे. पण मग शिपायाच्या बाबतीत दाखल गुन्हा हा दोष का, आणि मंत्र्याच्या बाबतीत नुसती माहिती का?

इथे मला स्वतःशी भांडावं लागलं. सोपं उत्तर आहे: नियम एक करा, ज्याच्यावर गुन्हा त्याला कुठलीच खुर्ची नाही. टीव्हीवर हेच बोलतात, टाळ्या पडतात. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेत मांडलेलं एकशे तिसाव्या घटनादुरुस्तीचं विधेयक त्याच वाटेचं. पाच वर्षं किंवा जास्त शिक्षेच्या आरोपात सलग तीस दिवस कोठडीत राहिलेला मंत्री, मुख्यमंत्री, पंतप्रधान पदावरून जाईल. गुन्हा खुर्चीआधीचा असला तरी. दोष सिद्ध व्हायची गरज नाही, कोठडी पुरे. ऐकायला गोड आहे. पण तीस दिवस कोठडीत कोण राहतं? ज्याला जामीन मिळत नाही तो. अटक कोणाच्या हातात? सरकारच्या. भीमा कोरेगावच्याच प्रकरणात आनंद तेलतुंबडे यांच्यासारखा माणूस खटला सुरू न होता अडीच वर्षं तुरुंगात होता. आरोप म्हणजे अपात्रता हे सूत्र आपण मान्य केलं, तर पहिल्यांदा आपलीच माणसं बाद होतील, कारण आंदोलन आपणच करतो, आणि रस्त्यावर बसणाऱ्याच्या नावावर गुन्हा नसेल तर तो बसलाच नव्हता असं समजायचं.

म्हणून माझं मागणं दुसरीकडे आहे, आणि ते कोरडं आहे. लोकप्रतिनिधित्व कायद्याचं कलम ८ उघडून बघा. पोटकलम १ मध्ये काही कायद्यांची यादी आहे, ज्यांत दोषी ठरलात की शिक्षा कितीही कमी असो, नुसता दंड असला तरी तुम्ही अपात्र. त्या यादीत १९५५ चा नागरी हक्क संरक्षण कायदा आहे, सती प्रतिबंधाचा आहे, राष्ट्रीय मानचिन्हांच्या अवमानाचा आहे. १९८९ चा अनुसूचित जाती-जमाती अत्याचार प्रतिबंधक कायदा नाही. अॅट्रॉसिटीत एखाद्याला सहा महिने किंवा वर्षभराची शिक्षा झाली तर तो आमदार राहतो, दोन वर्षांची रेघ ओलांडावी लागते. मराठवाड्यात, जिथे नामांतरासाठी गौतम वाघमारेंनी नांदेडच्या रस्त्यावर स्वतःला पेटवून घेतलं, तिथल्या एकाही पक्षाच्या जाहीरनाम्यात ही एक ओळ बदलायची मागणी मी वाचलेली नाही. आपल्या पक्षांच्याही नाही. उमेदवार होण्याआधीचा अत्याचार हा खुर्चीच्या योग्यतेचा प्रश्न आहे की नाही, याचं उत्तर त्या यादीत आहे, आणि सध्या ते 'नाही' असं आहे. दुसरं, आमदार-खासदारांच्या खटल्यांसाठी विशेष न्यायालयं २०१७ च्या आदेशानंतर झाली, तर त्यांचा वेग दरवर्षी जिल्ह्यात जाहीर व्हावा. तिसरं, ज-३ मध्ये घर नसलेल्याच्या घराला अपवाद हवा. निदान ज्याचा नियमित करण्याचा अर्ज सरकारकडेच पडून आहे त्याला तरी.

तर त्या पोराला माझं उत्तर. हो, लोक मला म्हणतील, आणि म्हणू देत. मी उभा राहिलो तर शपथपत्रात गुन्हा क्रमांक पहिल्या पानावर लिहीन आणि सभेत वाचून दाखवीन, कशासाठी बसलो होतो ते सांगीन. कोकाटेंना मी "केस आहे" म्हणून बोलत नाही. त्यांच्याबद्दल दोन कोर्टांनी निकाल दिलाय, आणि तो निकाल गरिबाचं घर पळवण्याबद्दल आहे, म्हणून बोलतो. हायकोर्टाने त्यांना निर्दोष सोडलं तर मी इथेच तसं लिहीन. माझ्या केसचा निकाल लागला आणि मी दोषी ठरलो, तर तेही लिहीन. पण आधी निकाल लागू द्या. आठ वर्षं झाली, आमच्या तारखेला साक्षीदार येत नाही.

परवा तोच पोरगा पुन्हा आला. एका पदाच्या यादीत त्याचं नाव आलंय, साक्षांकन नमुना हातात होता. गेल्या वर्षी जयंतीच्या मिरवणुकीवरून झालेल्या वादात त्याच्यावरही एक गुन्हा आहे, हे मला तेव्हा कळलं. म्हणून त्याने तो प्रश्न विचारला होता. माझ्यासाठी नाही, स्वतःसाठी.

"काय लिहू?" म्हणाला.

मी माझ्या वेळची झेरॉक्स पेटीतून काढून त्याच्यासमोर ठेवली. त्याने ती बराच वेळ वाचली. मग पेन उघडून 'होय' लिहिलं, आणि ठाण्याचं नाव लिहिण्याआधी विचारलं, "कलमं जुनी लिहायची का नवीन संहितेची?" मी म्हणालो, एफआयआरवर आहेत तीच लिही, एक अक्षरही इकडचं तिकडे करू नको.